गेमिंग पीसी अपग्रेड करताना: आधी अडतंय कुठे ते मोजा, मग खर्च करा

तीन-चार वर्षं जुना, मधल्या दर्जाचा गेमिंग पीसी नव्या गेममध्ये अडखळायला लागला की पहिलं बोट ग्राफिक्स कार्डाकडे जातं. पुष्कळदा ते बरोबर असतं. पण जिथे प्रोसेसरच दमलेला आहे, तिथे दुप्पट ताकदीचं कार्ड बसवलं तरी एफपीएसचा (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा) आकडा जागचा हलत नाही. नवं कार्ड अर्धा वेळ प्रोसेसरची वाट बघत रिकामं बसतं. म्हणून कुठलाही भाग विकत घेण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. वाया जाणारे बहुतेक पैसे तिथेच वाचतात.

मोजायचं कसं

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही दोन्ही फुकट मिळणारी साधनं बसवा. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात या गोष्टी दिसतील अशी मांडणी करा: जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर टक्क्यांत, जीपीयूचं तापमान, व्हीआरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगेचा) वेगळा वापर, रॅम, एफपीएस, एक टक्का लो (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या गतीला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर सगळे आकडे फसवे येतील.

तुम्ही खरोखर खेळता असे दोन-तीन गेम निवडा. प्रत्येकात एक जड जागा ठरवा: गजबजलेलं शहर, मोठी लढाई, दाट जंगल. आधी दहा मिनिटं खेळून मशीन तापू द्या, मग त्याच जागी, त्याच वाटेने चालत आकडे लिहून घ्या. थंड मशीनवरचे पहिल्या मिनिटाचे आकडे नेहमी जरा चांगले दिसतात.

जीपीयूचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबतंय, म्हणजे मर्यादा कार्डाची आहे. तो ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल तर कार्डाला काम पुरवणारं कुणीतरी मागे पडतंय, आणि ते सहसा प्रोसेसर किंवा रॅम असते. इथे एक चूक फार होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४५ टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो की प्रोसेसर तर अर्धा रिकामा आहे. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त आठेक टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड अडला की बाकीचे अकरा रिकामे असून काही उपयोग नसतो. एकूण टक्केवारीवरून प्रोसेसरला कधीच निर्दोष ठरवू नका.

खात्री करून घ्यायची सोपी चाचणी अशी: त्याच जागी उभं राहून फक्त रिझोल्यूशन खाली आणा. १०८०पी वरून ७२०पी वर या, किंवा डीएलएसएस अथवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा. बाकीच्या सेटिंग्जना हात लावू नका, कारण गर्दीची घनता, दृश्याचं अंतर आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांची गणना) यांचा भार प्रोसेसरवरही पडतो. समजा १०८०पी ला ७२ एफपीएस मिळत होते आणि ७२०पी ला ७६ मिळाले. याचा अर्थ तुमचा प्रोसेसर त्या जागी ७६ च्या आसपासच फ्रेम तयार करू शकतो. जगातलं सर्वांत महागडं कार्ड लावलं तरी त्या जागी तुम्हाला तेवढेच मिळतील. उलट ७२ चे १३० झाले, तर प्रोसेसरकडे अजून भरपूर जागा आहे आणि कार्ड बदलण्यात अर्थ आहे. ७२०पी चा हा आकडा जपून ठेवा. पुढे कार्ड किती मोठं घ्यायचं ते त्याच्यावरून ठरतं.

सरासरी एफपीएस चांगला असून मधेमधे झटके बसत असतील तर गोष्ट वेगळी असते. फ्रेमटाइमच्या आलेखात उंच सुळके दिसतील. पंधरा-वीस मिनिटांनी खेळ जड होतो, टेक्श्चर धूसर दिसायला लागतात आणि गेम बंद करून पुन्हा सुरू केला की सगळं ठीक होतं, ही व्हीआरॅम भरल्याची खूण आहे. टेक्श्चरची पातळी एक पायरी खाली आणा. झटके गेले तर निदान पक्कं. झटका फक्त नव्या जागी किंवा नवा इफेक्ट पहिल्यांदा दिसताना येतो आणि दुसऱ्यांदा येत नाही, तेव्हा तो शेडर (इफेक्ट रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतानाचा असतो. त्यासाठी काही विकत घेऊ नका. आणि नव्या भागात शिरताना दोन-दोन सेकंद अडकत असेल तर गेम अजून हार्ड डिस्कवर आहे का ते बघा.

आधी फुकटात मिळणारं सगळं घ्या

सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रॅमचा वेग. ३२०० किंवा ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम विकत घेतलेली असते, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम लिहिलेल्या वेगाने चालवणारा पर्याय, चालूच केलेला नसतो, त्यामुळे ती २१३३ किंवा २६६६ वर चालते. डीडीआर५ चंही तसंच: ६००० ची जोडी ४८०० वर वर्षानुवर्षं चाललेली सापडते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो तो तपासा. सीपीयू-झेड या साधनात मात्र निम्मा आकडा दिसतो, १६०० दिसलं तर ते ३२०० च आहे, घाबरू नका. बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर एक्स्पो आणि काही डीडीआर४ बोर्डांवर डीओसीपी या नावाने हा पर्याय असतो. प्रोसेसर अडत असलेल्या गेममध्ये एवढ्याने एक टक्का लो मध्ये जाणवेल इतका फरक पडतो.

मग रॅमच्या पट्ट्या कुठे बसवल्यात ते बघा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन पट्ट्या हव्यात. पहिल्या आणि दुसऱ्यात शेजारी-शेजारी बसवल्या की बहुतेक बोर्डांवर एकच चॅनेल चालतं आणि रॅमची बँडविड्थ निम्मी होते. एकच १६ जीबीची पट्टी लावलेली असेल तरी तेच होतं.

यानंतर कार्डाची लिंक, म्हणजे मदरबोर्डशी जोडणारी पीसीआयईची वाट आणि तिच्यातल्या मार्गिका (लेन). जीपीयू-झेड या साधनात बस इंटरफेसच्या ओळीत एक्स१६ दिसायला हवं, किंवा कार्डच आठ लेनचं असेल तर एक्स८. एक्स४ दिसलं तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसलंय किंवा नीट बसलेलं नाही. रिकाम्या वेळी पीसीआयईची आवृत्ती १.१ दिसते, ते वीज वाचवण्यासाठी असतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून भार देऊन मगच वाचा.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावलेली आहे ना आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट खरोखर १४४ वर आहे ना, तेही पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे खूप आहेत.

शेवटी रीसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी व्हीआरॅम एकदम वापरू देणारी सोय. तो चालू करायला सीएसएम (बायोसची जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद असावं लागतं, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या ड्राइव्हवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर मशीन सुरूच होत नाही. आधी विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने ड्राइव्ह नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घ्या, अर्थात बॅकअप घेतल्यावरच.

ग्राफिक्स कार्ड

मोजमापात कार्डच अडतंय असं ठरलं तर किमान ४०-५० टक्के जास्त वेग देणारं कार्ड घ्या. त्याहून कमी फरक आकड्यांत दिसतो, खेळताना नाही. एका पिढीत त्याच पायरीवरचं पुढचं कार्ड घेण्यात सहसा एवढा फरक मिळत नाही. दोन पिढ्या किंवा दोन पायऱ्या ओलांडाव्या लागतात. वरची मर्यादा मघाच्या ७२०पी च्या आकड्याने ठरते. प्रोसेसर ९० फ्रेम देत असेल तर १६० फ्रेम काढणारं कार्ड १०८०पी ला निरर्थक आहे.

व्हीआरॅमबाबत तडजोड करू नका. ८ जीबी आज १०८०पी ला टेक्श्चर मध्यम किंवा उच्च ठेवून चालते, पण नव्या गेममध्ये कमी पडायला लागली आहे. १४४०पी वर खेळायचं असेल तर १२ जीबी हा किमान आकडा धरा. नावं वाचताना डोळे उघडे ठेवा: आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात आणि खोक्यावरचं मोठं नाव तेच असतं. फ्रेम जनरेशनलाही (मधल्या जादा फ्रेम कार्डाने स्वतः तयार करण्यालाही) व्हीआरॅम लागते, म्हणजे ८ जीबी आधीच भरलेली असताना ते चालू केलं तर फायद्याऐवजी झटके वाढतात. शिवाय मूळ एफपीएस ६० च्या आसपास नसेल तर फ्रेम जनरेशनने चित्र गुळगुळीत दिसतं, हातातला प्रतिसाद मात्र जडच राहतो.

जुन्या बोर्डवाल्यांनी लेनचा हिशेब करावा. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० टीआय, आरएक्स ६६०० आणि आरएक्स ७६०० ही कार्डं आठच लेन वापरतात. बी४५० सारख्या बोर्डवर पीसीआयई ३.० असते, त्यामुळे त्यांना मिळणारी बँडविड्थ पीसीआयई ४.० च्या तुलनेत निम्मी होते. व्हीआरॅम पुरेशी असेल तोवर तोटा थोडा असतो. व्हीआरॅम भरली की कार्ड रॅममधून डेटा ओढायला लागतं आणि तेव्हा ही अरुंद वाट फार महागात पडते. बोर्ड बी५५० असूनही प्रोसेसर रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी असेल तरी ३.० च मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेन आणि ४ जीबीचं कार्ड आहे. जुन्या बोर्डवर ते अजिबात घेऊ नये.

इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड कागदावर आकर्षक आहे. पण रीसाइझेबल बार नसेल तर त्याचा वेग कोसळतो, आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम मागतो. रायझन ५ २६०० किंवा ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत ते स्वतःचा पूर्ण वेग दाखवू शकत नाही. म्हणजे ज्यांना स्वस्त कार्ड हवं असतं, नेमक्या त्यांच्या मशीनमध्येच ते मागे पडतं.

वापरलेलं कार्ड घेत असाल तर समोर वीस मिनिटं पूर्ण भाराखाली चालवून बघा. जीपीयूचं सर्वसाधारण तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांत १०-२० अंशांचा फरक ठीक आहे. ३० च्या पुढे गेला तर चिप आणि कूलरमधली पेस्ट वाळली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. पंख्याचा खरखर आवाज, स्क्रीनवर ठिपके किंवा चौकोन दिसले तर सोडून द्या.

पॉवर सप्लाय: इथे कंजूषी करू नका

कार्ड ठरवण्याआधी पॉवर सप्लायच्या बाजूचं लेबल वाचा. वरचा मोठा आकडा न बघता १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. एखाद्या जुन्या ५०० वॅटच्या सप्लायवर तिथे ३२ अँपिअर लिहिलेले असतील, तर ३२ गुणिले १२ म्हणजे ३८४ वॅट एवढीच ताकद प्रोसेसर आणि कार्डासाठी आहे. उरलेले वॅट ज्या ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्यांवर आहेत, त्यांचा आजच्या मशीनला फारसा उपयोग नाही.

कार्डांची भूक साधारण अशी: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आरटीएक्स ४०७० सुपरला २२०, आरटीएक्स ५०७० ला २५०, आरएक्स ७८०० एक्सटी ला २६३. हे सरासरीचे आकडे आहेत. काही मिलिसेकंदांसाठी कार्ड याच्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. सप्लाय कमकुवत असेल तर त्या क्षणी त्याचं संरक्षण काम करतं आणि लाइट गेल्यासारखा पीसी एकदम बंद पडतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, फक्त काळोख. गेम बंद पडून डेस्कटॉप दिसणं हा वेगळा आजार आहे, तो बहुतेकदा ड्रायव्हरचा, रॅमचा किंवा ओव्हरक्लॉकचा असतो. म्हणून आरटीएक्स ४०७० सुपर किंवा ५०७० ला कंपनी सांगते तो ६५० वॅटचा आणि ७८०० एक्सटी ला ७०० वॅटचा आकडा खालची मर्यादा समजा. ८० प्लसचं ब्रॉन्झ किंवा गोल्ड हे चिन्ह वीज किती वाया जाते तेवढंच सांगतं. आतल्या कपॅसिटरचा दर्जा आणि संरक्षण यांच्याबद्दल ते गप्प असतं. वॉरंटी किती वर्षांची आहे हा त्याहून खरा पुरावा.

जोडताना चार गोष्टी सांभाळा. आठ पिनांची जोडणी १५० वॅटसाठी असते आणि खुद्द स्लॉट ७५ वॅट देतो. कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलच्या शेपटीला लटकणारा दुसरा कनेक्टर मोठ्या कार्डाला वापरू नका. प्रोसेसरची आठ पिनांची केबल चार अधिक चार अशी विभागलेली असते, कार्डाची सहा अधिक दोन. दिसायला सारख्या, पण पिनांची मांडणी उलटी. बारा अधिक चार पिनांचा नवा कनेक्टर असेल तर फट अजिबात न राहता आत जाईपर्यंत दाबा आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. अर्धवट बसलेला कनेक्टर तापतो आणि वितळतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मॉड्युलर (सुट्या केबलचा) सप्लाय बदलताना जुन्या सप्लायच्या केबल नव्याला कधीही जोडू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. कनेक्टर सहज बसतो, आणि बटण दाबताक्षणी त्या केबलवरच्या एसएसडी आणि हार्ड डिस्क जळू शकतात. केबल आतून ओढायचा कंटाळा येतो हे खरं, पण सगळ्या काढा आणि नव्या घाला.

प्रोसेसर

इथे पहिला प्रश्न असा: आहे त्याच सॉकेटवर (बोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेवर) पुढे काही चांगलं मिळतंय का?

एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवाले या बाबतीत नशीबवान आहेत. रायझन ५ १६००, २६०० किंवा ३६०० असेल तर बोर्ड आणि रॅम तीच ठेवून रायझन ५ ५६०० बसवता येतो आणि फरक लगेच जाणवतो. ३६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) असली तरी ती १६-१६ अशा दोन भागांत तुटलेली आहे. ५६०० मध्ये ती सलग ३२ आहे. त्याच्या वर ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी, यांच्यात ९६ एमबी कॅश. गेमचं काम म्हणजे विखुरलेला थोडाथोडा डेटा सतत शोधणं. तो कॅशमध्ये सापडला तर दहाएक नॅनोसेकंद लागतात, रॅमपर्यंत जावं लागलं तर सत्तरच्या घरात. म्हणूनच या दोन प्रोसेसरवर सरासरीपेक्षा एक टक्का लो जास्त सुधारतो, आणि साध्या वेगाची रॅमही त्यांना चालून जाते. जुना एएम४ पीसी आणखी काही वर्षं चालवायचा असेल आणि यातला एखादा योग्य भावात मिळत असेल, तर मधल्या दर्जाच्या मशीनसाठी इतका सुटसुटीत अपग्रेड दुसरा नाही.

इंटेलकडे १२ व्या पिढीचा आय३ किंवा आय५ असेल तर त्याच एलजीए१७०० सॉकेटवर १४ व्या पिढीपर्यंत जाता येतं. १२४०० वरून १३४०० घेण्यात मात्र अर्थ नाही, १३६००के किंवा १४६००के पर्यंत उडी हवी. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या जास्त वीज घेणाऱ्या प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे झीज होण्याची समस्या होती. तिच्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीच्या दुरुस्त्या, बायोसमधून येणाऱ्या) ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आले. त्यानंतरचं बायोस आधी टाका, मगच असा प्रोसेसर बसवा. आधी झीज झालेली चिप त्याने सुधारत नाही, त्यामुळे वापरलेला घेताना वॉरंटी शिल्लक असलेलाच घ्या. १० व्या पिढीचा एलजीए१२०० बोर्ड असेल तर पुढे फारसं काही नाही. ४ कोअर, ८ थ्रेडवाल्या जुन्या मशीनला तर बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही एकदम बदलणं हाच मार्ग आहे. तेव्हा एएम५ चा विचार करा: हा सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत तरी त्याला पाठिंबा देण्याचं एएमडीने सांगितलं आहे. आज रायझन ५ ७६००, नंतर त्याच बोर्डवर एक्स३डी असं दोन टप्प्यांत करता येतं. रॅम डीडीआर५ ६०००, सीएल३० (विलंबाचा आकडा), दोन पट्ट्यांची. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५ चा वेग बराच खाली येतो.

बायोसचं काम जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा. बोर्डच्या पानावर प्रोसेसरांची यादी आणि कोणत्या बायोसपासून चालतो ते दिलेलं असतं. फाइल एफएटी३२ पेन ड्राइव्हवर घ्या, बोर्डच्या मेनूतून अपडेट करा आणि मधे वीज जाणार नाही याची खात्री ठेवा. दोन गोष्टी आधी नोंदवा: बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की (किल्ली जपणारा टीपीएम रीसेट झाला की विंडोज ती मागतं), आणि बायोसमधल्या तुमच्या सेटिंग्ज. अपडेटनंतर एक्सएमपी पुन्हा बंद झालेलं असतं.

एएम४ प्रोसेसर काढताना घाई केली तर नुकसान होतं. पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ वर ओढला की बंद लिव्हरमधून प्रोसेसरही उपटून बाहेर येतो, पिना वाकवून. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करून वायर काढा, कूलरचे स्क्रू किंवा क्लिप सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. पिन वाकलीच तर पातळ कार्डाच्या कडेने ओळीला समांतर, अगदी थोडी-थोडी सरळ करा.

रॅम आणि एसएसडी

८ जीबी असेल तर आजच बदला. १६ जीबी असताना गेमसोबत ब्राउझर आणि व्हॉइस चॅट उघडं असेल आणि मोकळी रॅम १ जीबीच्या खाली जात असेल, तर ३२ करा. ३२ वरून ६४ ने गेमला काही मिळत नाही. ३२०० वरून ३६०० साठी जुनी जोडी टाकून नवी घेणंही तसंच. वाढवायची असेल तर एकाच पाकिटातली दोन पट्ट्यांची जोडी घ्या. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकत्र केल्या की एक्सएमपीवर मशीन सुरू होत नाही किंवा आठवड्यातून एकदा क्रॅश होतं, आणि असा दोष शोधताना जीव जातो. बसवल्यावर मेमटेस्ट८६ निदान एक पूर्ण फेरी चालवा.

हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर जाणं हा मोठा बदल. सॅटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत देते, बोर्डच्या एम.२ स्लॉटमध्ये थेट बसणारी पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई ३५००, ४.० ची ७००० च्या घरात. पण गेम उघडायला लागणाऱ्या वेळात सॅटा आणि एनव्हीएमईमध्ये काही सेकंदांचाच फरक पडतो. म्हणून वेगापेक्षा जागा घ्या. ५.० ची तापणारी महागडी एसएसडी मधल्या दर्जाच्या गेमिंग मशीनला नको. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की दोन सॅटा पोर्ट बंद होतात. नवी एसएसडी लावल्यावर जुनी डिस्क दिसेनाशी झाली तर ती बिघडलेली नाही, मॅन्युअलमधला तक्ता बघून केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावा.

मॉनिटर आणि हवा

६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहते, १४४ वर ६.९. मशीन ९०-१०० एफपीएस देतंय आणि मॉनिटर ६० चा आहे, तर आतला कुठलाच भाग बदलून मिळणार नाही एवढा फरक मॉनिटरने पडेल. व्हीआरआर (एफपीएसनुसार मॉनिटरची गती बदलण्याची सोय) असलेलाच घ्या. एफपीएस ७० ते ११० मध्ये हलत असताना चित्र फाटत नाही. १४४०पी मध्ये १०८०पी च्या पावणेदोन पट पिक्सेल असतात, म्हणजे कार्ड पूर्ण राबत असेल तर १०० चे ६०-६५ होतील. पण प्रोसेसर अडत असलेल्या मशीनवर उलटा फायदा आहे: कार्ड ६५ टक्क्यांवर रिकामं बसलं असेल तर १४४०पी वर जवळपास तेवढ्याच फ्रेममध्ये बरंच स्वच्छ चित्र मिळतं, प्रोसेसरला हात न लावता.

हवेची चाचणी फुकट आहे. खेळताना तापमान लिहा, कॅबिनेटची बाजूची काच काढा, पुन्हा मोजा. कार्ड ७-८ अंशांहून जास्त थंड झालं तर कॅबिनेट गुदमरतंय. समोर दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा एवढं पुरतं. समोरची भिंत बंद काचेची असेल तर पंखे वाढवून उपयोग नाही, जाळीची भिंत किंवा कॅबिनेट बदला. ६५ वॅटच्या प्रोसेसरला ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर हा निव्वळ देखावा. चार हीट पाइपचा साधा हवेचा कूलर शांतपणे काम करतो. नवा कूलर बसवताना तळाची प्लास्टिकची फिल्म काढलीत ना, ते दोनदा बघा. ती राहिली की प्रोसेसर मिनिटभरात ९० पार करतो.

बदल करताना

एका वेळी एकच भाग बदला. कार्ड, रॅम आणि सप्लाय एकाच दिवशी घातले आणि मशीन सुरू झालं नाही, तर दोष कुणाचा ते शोधायला तिन्ही काढावे लागतात. कार्डाची लांबी कॅबिनेटच्या आतून टेपने मोजा आणि समोरच्या पंख्यांची जाडी त्यातून वजा करा. जाड कार्ड खालचे सॅटा पोर्ट झाकतं का तेही बघा. एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट जाताना सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसणारं साधन) चालवून जुना ड्रायव्हर पूर्ण काढा. बसवल्यावर स्क्रीन काळी राहिली तर मदरबोर्डवरचे चार छोटे दिवे बघा: प्रोसेसर, रॅम, व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट. जो दिवा पेटलेला राहतो, त्याचा भाग काढून पुन्हा बसवा. नवी डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा रॅमचं ट्रेनिंग (बोर्डने रॅमशी ताळमेळ बसवणं) कित्येक मिनिटं चालतं, त्या वेळात बटण दाबून बंद करू नका.

मग त्याच गेममध्ये, त्याच जागी, त्याच वाटेने चालत आकडे पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. जीपीयू ९५ टक्क्यांवरून ७० वर आलेला दिसला तर अडथळा आता प्रोसेसरकडे सरकलाय. जुना भाग मात्र दोन आठवडे तरी विकू नका. नव्याचा दोष कधीकधी दहाव्या दिवशी कळतो आणि तेव्हा तपासायला जुनाच लागतो.